मशिदी दिसल्या, हजान कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या जुन्या सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांवर, पानभर लेख आला होता. फोटो फार छान होते, रंगीत काचा, मधला लाकडी तेबा (प्रार्थना चालवायचा चौथरा), हेखालवरचा (धर्मग्रंथाच्या कपाटावरचा) मखमली पडदा, सगळं नीट टिपलेलं. आमच्या फॅमिलीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तो लेख दिवसभर फिरत होता, इस्राएलमधल्या आत्या-मावश्यांनी तर हार्ट टाकून टाकून फॉरवर्ड केला. पण मला एक गोष्ट फार लागली आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितेय. अख्ख्या पानात हजानाबद्दल, म्हणजे आमच्या प्रार्थना चालवणाऱ्याबद्दल, एक ओळ नाही. इमारत कधी बांधली, कोणी पैसे दिले, रंग कधी काढला, हे सगळं आहे, पण त्या इमारतीत दर शब्बाथला (शनिवारी) उभं राहून ज्याने तेफिला (प्रार्थना) चालवली, गावातली लग्नं लावली, पोरांच्या सुंता केल्या, मयताच्या वेळी सगळ्यात आधी धावला आणि सगळ्यात शेवटी घरी गेला, तो माणूस कुठेच नाही.

मी स्वतः बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू आहे, राहायला ठाण्यात, मूळ घर अलिबागकडचं. आमच्यातली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात, मीपण पुढे तसंच लिहिणार आहे.

लोकांना वाटतं ज्यू म्हटलं की रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आलाच, काळा कोट, मोठी टोपी, दाढी. मला ऑफिसात कितीतरी वेळा विचारलंय की तुमचे रब्बी कुठे असतात. आमच्याकडे शतकानुशतकं रब्बी नव्हताच. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले, ही कथा तुम्ही बऱ्याचदा छापलीय, शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) हे नावही सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात मी वेळ घालवत नाही. मुद्दा असा की ज्यांच्याकडे ग्रंथ नाही, शिकलेला गुरू नाही, लिपी नाही, त्यांनी शनिवार पाळला, आठव्या दिवशी सुंता केली, खवले आणि पर नसलेला मासा खाल्ला नाही आणि श्मा इस्राएल एवढी एक प्रार्थना तोंडात ठेवली. आमच्यात सांगतात की दावीद राहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला, हे लोक खरंच आपले का ते बघावं म्हणून त्याने बायकांना सगळ्या जातीचे मासे एकत्र करून शिजवायला दिले, आणि बायकांनी न सांगता बिनखवल्याचे मासे उचलून बाजूला ठेवले. मग त्याची खात्री पटली. तो नेमका कधी आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण तो आल्यावर काय झालं ते आमच्या घराघरात माहिती आहे. त्याने तिघांना निवडून शिकवलं, झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतले, आणि ते आमचे पहिले काजी झाले. पुढे ते काम बापाकडून मुलाकडे जात राहिलं. काजी पायी, बैलगाडीने, होडीने गावोगाव फिरायचे, लग्न लावायचे, मिला (सुंता) करायचे, दोन भावांचा वाद असेल तर ओटीवर बसून तो तोडायचे. आमची माणसं विखुरलेली, एका गावात दोन घरं, दुसऱ्या गावात पाच, तरी कोणाचंही लग्न काजीशिवाय अडलं नाही. ही व्यवस्था साधी नाही हो. एवढ्या मोठ्या मुलखात, एवढी थोडी माणसं, आणि प्रत्येकाला धरून ठेवायचं.

मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी मांडवीत आमची पहिली मशीद बांधली, शाअर हारहामीम. कंपनी सरकारच्या पलटणीतले अधिकारी, टिपूच्या कैदेत पडले आणि सुटून आले, ती गोष्ट पण तुम्ही छापलेली आहे. मशीद झाली, पण आत उभं राहून शिकवणार कोण हा प्रश्न होताच. तिथे कोचीनचे ज्यू मदतीला आले. १८२६ च्या सुमारास काही जण आले, आणि नंतर १८३० च्या दशकात जे आले त्यात शलोमो सालेम शुर्राबी होते. मला या माणसाबद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण बाहेर त्यांचं नाव कोणालाच माहिती नाही आणि आमच्यातल्या तरुण पोरांनापण नाही.

शुर्राबी बुकबाइंडर होते. पुस्तकं बांधणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा, त्यावरच घर चालायचं. मुंबईत दुसरी मशीद, जिला आम्ही नवी मशीद म्हणतो, ती उभी राहिली त्यात त्यांचा मोठा हात होता आणि तिथे ते हजान झाले, पण हजान म्हणून मिळणारे पैसे अगदीच थोडे. दिवसभर सुई-दोरा, खळ, पुठ्ठा, आणि सकाळ-संध्याकाळ मशिदीत तेफिला, शिवाय ज्याला शिकायचंय त्याला शिकवायचं. ते आमच्यात जन्मलेले नव्हते, त्यांची भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, आणि आमच्या लोकांना ज्यू धर्मातल्या कितीतरी गोष्टी तेव्हा माहितीच नव्हत्या. आमचे सण बघा ना, नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण, अशी नावं, आणि त्यामागचं कारण बऱ्याच जणांना सांगता यायचं नाही. अशा वेळी एखादा शिकलेला माणूस येऊन तुमचं सगळं चुकलंय म्हणून हिणवू शकला असता. शुर्राबींनी तसं केलं नाही. जे लोक करत होते त्याला त्यांनी धक्का लावला नाही, त्यात भर घातली, पंचांग शिकवलं, प्रार्थना शिकवल्या, आणि लोक त्यांचं ऐकायला लागले ते त्यांच्या स्वभावामुळे आणि विद्येमुळे. १८५६ साली ते मुंबईतच वारले. पंथाच्या मुकादमांना जमलं नसतं ते एका बुकबाइंडरने केलं असं मला मनापासून वाटतं. मुंबईत एवढ्या लोकांच्या नावाचे चौक आहेत, या माणसाच्या नावाची साधी पाटीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

त्याच काळात मिशनरी पण होते हे विसरून चालणार नाही. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं, मिशनच्या शाळांत आमची मुलं शिकली, आमचे लोक तिथे मास्तर म्हणून लागले. बायबल मराठीत आलं त्यामुळे आमच्या लोकांना आपलाच जुना ग्रंथ पहिल्यांदा आपल्या भाषेत वाचता आला. मिशनऱ्यांना वाटलं असेल ही माणसं आज ना उद्या ख्रिस्ती होतील, पण झालं उलटंच, हिब्रू शिकून लोक मशिदीत जास्त यायला लागले. हे आपोआप नाही झालं, एका बाजूला शाळा आणि दुसऱ्या बाजूला शुर्राबींसारखे हजान, दोन्हींचा मेळ बसला म्हणून झालं. १८४६ साली मुंबईत पेसाह सणाची हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायचं पुस्तक, मराठी अर्थासकट छापली. १८७४ ला पुण्यात छापलेल्या हगादात तर चित्रं आहेत, साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्सा (बिनखमिराची रोटी) लाटतायत, भाजतायत. मला ते चित्र बघितलं की दरवेळी वाटतं ही आपली स्वयंपाकघरं आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली, ते डेव्हिड ससून शाळेचे हेडमास्तर, १९०५ मध्ये गेले, आणि आजही कित्येक घरांत कपाटात त्यांचं एखादं पुस्तक निघतं. बेन्यामीन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी तर कीर्तनं केली, अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, मराठी चालीवर, टाळ-पेटी घेऊन. ज्या समाजात बहुतेकांना हिब्रू येत नव्हतं तिथे धर्म पोचवायचा तर हाच रस्ता होता.

आता माझ्या बघण्यातल्या हजानाबद्दल. आईचे मामा आमच्या गावाकडच्या मशिदीत हजान होते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. पोस्टात नोकरी, सकाळी खाकी घालून सायकलवर, आणि शुक्रवारी दिवस कलायच्या आत घरी येऊन आंघोळ करून पांढरे कपडे. कोंबडी कापायची तर त्यांच्याकडेच न्यायची. सुरीची धार ते अंगठ्याच्या नखावरून फिरवून बघायचे, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, एवढीशी जरी खाच लागली तरी सुरी बाजूला, मग पाहुणे दारात असले तरी थांबायचं. लहानपणी मला त्याचा राग यायचा कारण भूक लागलेली असायची, आता कळतं की त्या प्राण्याला एका क्षणापेक्षा जास्त त्रास होऊ नये म्हणून ती सगळी धडपड.

आणि त्यांची वही. सेफेर तोरात, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीत, स्वरचिन्हं नसतात, नुसती अक्षरं, चालीच्या खुणाही नसतात, त्यामुळे हजानाला घरी बसून ते पाठ करावं लागतं. मामांनी एका लांबट चोपडीत हिब्रू प्रार्थना देवनागरीत उतरवलेल्या, शाईने, आणि वर पेन्सिलीने खुणा, इथे आवाज चढवायचा, इथे थांबायचं, इथे लोक आमेन म्हणणार. गावातल्या मुलांची बारमिट्झवा (तेराव्या वर्षीचा विधी) त्याच वहीवरून व्हायची, शेजारी बसवून ओळ न ओळ म्हणून घ्यायचे, आणि चुकलं तर ओरडायचे नाहीत, फक्त परत सुरुवातीपासून. वहीच्या मागच्या पानांवर वेगळाच खजिना होता, कोणाचा मुलगा कधी झाला, मिला कोणत्या दिवशी, कोणाचं लग्न कोणाशी, मुलीच्या आईचं माहेर कुठलं, कोण कधी वारलं, दिव्याच्या तेलाला कोणी किती दिले. मलिद्याच्या, म्हणजे आमच्या नवस-आभाराच्या विधीच्या, वेळी घरोघरी तेच जायचे, पोहे, गूळ, खोबरं, वेलची, पाच फळं, गुलाबाच्या पाकळ्या, ताट मांडून एलियाहू हनाबी या प्रेषिताची प्रार्थना. एका संध्याकाळी दोन-तीन घरं असली तरी कुठल्या घरी घाई केली असं मी कधी पाहिलं नाही. या सगळ्याचे त्यांना किती मिळत होते? जवळजवळ काही नाही. पगार पोस्टाचा.

मागच्या पानांना मी खजिना म्हणते त्याला कारण आहे. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बिनेटने, म्हणजे तिथल्या धर्मपीठाने, फतवा काढला की बेने इस्राएल माणसाचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायच्या आधी त्याची आई, आजी, पणजी, जितकं मागे जाता येईल तितकं तपासा. म्हणजे इथे शेकडो वर्षं शनिवार पाळला, आणि आपल्या माणसांत गेल्यावर विचारतात तुम्ही खरे ज्यू का. आमच्यात रब्बी नव्हते, मग तुमचे घटस्फोट, तुमची लग्नं नियमाने झाली कशावरून, असा सगळा संशय. १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेममध्ये सरकारी कचेऱ्यांसमोर बायकापोरांसकट धरणं धरून बसली आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने (तिथल्या संसदेने) ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, मग रब्बिनेटला फतवा बदलावा लागला. माझ्या आईकडचे काही नातेवाईक त्या काळात तिथे होते, ते त्याबद्दल बोलताना अजून आवाज कापतो. माझं म्हणणं असं की तो संशय आमच्या काजी-हजानांवरच होता. त्यांनी लावलेली लग्नं, त्यांनी ठेवलेली नोंद, त्यांचा शब्द. जेव्हा कोणी म्हणतं तुमच्याकडे रब्बी नव्हता म्हणजे धर्म कच्चा होता, तेव्हा मला मामांची ती सुरी आणि ती वही दोन्ही आठवतात.

हे जुनं झालं असं समजू नका. आजही तिकडे जाणाऱ्याला, तिथे लग्न करणाऱ्याला कागद लागतो. आमच्याच नात्यातल्या एका मुलीला आजीच्या लग्नाची नोंद हवी होती. जिथे रजिस्टर असायला पाहिजे तिथे विचारलं, कपाट उघडलं तर वाळवी. पानं एकमेकांना चिकटलेली, हात लावला की भुगा. पोरगी रडली. शेवटी एका म्हाताऱ्या हजानाच्या घरच्या वहीत ती नोंद सापडली आणि काम झालं. ती वहीसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर होती.

भारतात आता सगळे मिळून आम्ही जेमतेम चार-पाच हजार. स्वातंत्र्याच्या वेळी वीस हजारांच्या वर होतो. पेण, पनवेल, रेवदंडा, अलिबाग, नावं घ्यायला मशिदी आहेत, पण मिनयानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवताना फोनाफोनी करावी लागते, कधी ठाण्याहून, कधी मुंबईहून गाडी करून माणसं न्यावी लागतात. हजान तर त्याहून कमी. जो आहे तो कुठेतरी नोकरी करतोय किंवा रिटायर झालाय, मुलं इस्राएलला, आणि तो इथे थांबलाय, का, तर मी गेलो तर किप्पुरला (मोठ्या उपवासाला) शोफार (शिंग) कोण वाजवणार. असं मला एकाने अगदी सहज, भाजी निवडता निवडता सांगितलं होतं.

काही ठिकाणी वेगळे रस्ते निघाले तेही सांगायला हवं. डॉ. जेरुशा झिराड, त्यांना आपण कामा हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टर म्हणून ओळखतो, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्यांनीच १९२५ साली मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन सुरू केली, जिथे प्रार्थना समजेल अशा भाषेत आणि बायका मागे न बसता. दिल्लीत हुमायून रोडवर ज्युडा हाय्याम हॉल आहे, १९५६ चा, तिथे कितीतरी वर्षं एझिकेल आयझॅक मालेकर काम बघत आले, आमच्यातलेच मराठी माणूस, शिक्षणाने वकील, नोकरी सरकारी, आणि मशिदीचं सगळं मानधनाशिवाय. दिल्लीत मूठभर घरं, म्हणून ते मिनयानमध्ये बायकांनाही धरतात. आमच्यातल्या काही जणांना हे पटत नाही, मला पटतं. दहावा पुरुष मिळाला नाही म्हणून मयताच्या घरी कादिशची प्रार्थना म्हणायचं थांबवायचं आणि समोर पाच बायका उभ्या आहेत त्यांना मोजायचंच नाही, हे मी डोळ्याने पाहिलंय आणि मला ते फार दुखलंय. ज्या बायकांनी मासे ओळखून आपल्याला ज्यू ठरवलं त्यांच्याच लेकींना मोजायचं नाही का? पण हा निर्णय प्रत्येक मशिदीच्या हजानाने आणि लोकांनी मिळून घ्यायचा, बाहेरून कोणी लादायचा नाही, एवढंही मी मान्य करते.

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचा आनंद झाला, पेढे वाटले. पण त्या दर्जाचा उपयोग करून कोणी एवढं केलं का की या वह्या, केतुबा (लग्नाचे करार), लग्नाची रजिस्टरं, दफनभूमीच्या नोंदी यांचे फोटो काढून ठेवावेत? इमारतींना पैसे मिळतात, देणगीदार मिळतात, कारण इमारत दिसते. माझी राज्याच्या पुराभिलेख खात्याला तुमच्या पेपरमार्फत विनंती आहे की त्यांनी मशिदींच्या ट्रस्टशी बोलावं, कागद त्यांच्याच ताब्यात राहू द्यावेत, फक्त स्कॅन करावं, आणि घराघरातल्या हजानांच्या वह्यांसाठीपण तसं करावं. यात माणसांची खासगी माहिती असते, त्यामुळे सगळं इंटरनेटवर टाकून द्यायचं नाही, ट्रस्टच्या परवानगीनेच बघायला मिळावं. आणि जे हजान हयात आहेत त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवावा, कारण आमची चाल वेगळी आहे, कोचीनची थोडी, बगदादी थोडी, आणि बाकी आपली कोकणातली. ती वहीत लिहिता येत नाही. एकदा गेली की पुस्तकातून परत येणार नाही.

तुमच्याकडून माझी अपेक्षा एवढीच की पुढच्या वेळी मशिदीवर लेख कराल तेव्हा आधी तिथल्या हजानाला भेटा, फोटो नंतर काढा. डिसेंबर-जानेवारीत इस्राएलहून आमची माणसं येतात, अलिबागजवळच्या खंडाळा गावी एलियाहू हनाबीच्या टापावर, म्हणजे तिथल्या पवित्र खडकावर, जातात, मलिदा करतात, त्यांच्यातही जुन्या हजानांची मुलं-नातवंडं असतात आणि त्यांच्याकडे वह्या आहेत, तिकडे नेलेल्या. त्या दिवसांत वाचकांना आवाहन छापलंत तर बरंच काही पुढे येईल. मामांची वही आमच्या घरी आहे, ती मी स्कॅनसाठी द्यायला तयार आहे, मागच्या पानांसाठी त्या त्या घरच्यांना विचारून. ज्यांच्याकडे अशी वही आहे त्यांनी ती माळ्यावरून खाली काढावी आणि पावसाळ्याच्या आत काढावी.

आपली,
एक वाचक, ठाणे